‘भाऊ, तो लाल पुडा द्या!’ : जाहिरातीचे शब्द कुठे सापडतात?

खामगाव, चिखली किंवा मेहकरच्या कोणत्याही किराणा दुकानापाशी अर्धा तास उभं राहा आणि गिऱ्हाईक वस्तू कशी मागतं, एवढंच ऐका. ‘लाल पुडा द्या’, ‘दहावाला द्या’, ‘मागच्या वेळी नेला होता तोच द्या’, ‘तो नको, त्याचा वास डोक्यात जातो’. कंपनीनं कोट्यवधी रुपये मोजून तयार केलेलं घोषवाक्य या अर्ध्या तासात एकदाही कानावर पडत नाही. ब्रँडचं नावसुद्धा पुष्कळदा येत नाही. रंग, किंमत, मागचा अनुभव आणि शेजारणीचा सल्ला, एवढ्यावर व्यवहार होतो.

जाहिरात लिहिणाऱ्यांच्या जगात या अर्ध्या तासाला मोठी किंमत आहे. भारतातल्या गाजलेल्या कितीतरी जाहिरातींचा उगम शोधत गेलं, तर शेवटी एखादी भाजी घेणारी बाई, एखादा सुतार किंवा खच्चून भरलेली बस सापडते. हे नेमकं कसं घडतं आणि बुलढाणा जिल्ह्यात छोटा धंदा करणाऱ्याला त्याचा काय उपयोग, ते समजून घेऊया.

हा विषय आपल्या कामाचा का?

पूर्वी जाहिरात लिहिणं हे मुंबईतल्या एजन्सीचं काम होतं. आता ते ज्याच्या हातात मोबाइल आहे त्या प्रत्येकाचं झालं आहे. बचत गटाच्या ताई पापड-कुरडयांचे फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतात, कृषी सेवा केंद्रवाला स्टेटसला बियाण्याची जाहिरात ठेवतो, गावातला मुलगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकतो आणि पहिल्याच दिवशी रील बनवतो. प्रत्येकाला चार ओळी लिहायच्या असतात.

त्या चार ओळी कशा असतात? ‘उत्कृष्ट दर्जा, माफक दर’. ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’. ‘एक वेळ अवश्य भेट द्या’. हल्ली एआयला सांगून लिहून घ्यायची सोय आहे, त्यामुळे ‘परंपरेची चव, विश्वासाचं नातं’ अशी थोडी गुळगुळीत आवृत्ती मिळते. एक साधी चाचणी करून बघा. या ओळीतलं पापडवालीचं नाव काढा आणि हार्डवेअरच्या दुकानाचं नाव टाका. ओळ तशीच्या तशी बसते. जी ओळ कुणालाही बसते, ती वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

‘आमची कोठेही शाखा नाही’ ही ओळ आठवते? आज ती विनोदाचा विषय आहे. पण ज्यानं ती पहिल्यांदा पाटीवर लिहिली, त्यानं गिऱ्हाइकाची एक खरी भीती ओळखली होती. नाव गाजलं की त्याच नावाची चार दुकानं निघतात, मग खरं कोणतं? शेगावात उतरणाऱ्या माणसाला कचोरीच्या पाट्या बघताना आजही हाच प्रश्न पडतो. ती ओळ घासून घासून बोथट झाली, एवढंच. जन्मली ती निरीक्षणातूनच.

ललिताजी कुठून आली?

या विषयातलं सर्वांत बोलकं उदाहरण कपडे धुण्याच्या पावडरीचं आहे. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये निरमा सुरू केली. सुरुवातीला ते सायकलवरून दारोदार जाऊन पावडर विकत. हिंदुस्थान लिव्हरच्या सर्फपेक्षा ती कितीतरी स्वस्त होती. ऐंशीच्या दशकापर्यंत निरमानं सर्फचा बाजार हलवून सोडला. आता सर्फला प्रश्न पडला, की महाग वस्तू ‘घ्या’ असं काटकसरी गृहिणीला सांगायचं कसं? ‘आमची पावडर उत्तम आहे’ हे सांगून उपयोग नव्हता. उत्तम आहे हे तिला माहीतच होतं. तिचा प्रश्न पैशांचा होता.

जाहिरात होती लिंटास या एजन्सीकडे, आणि तिचे प्रमुख होते अलिक पदमसी. त्यांनी पुढे सांगितलं, की उत्तर त्यांना आपल्या आईच्या वागण्यात सापडलं. ती भाजीवाल्याशी पैशापैशासाठी घासाघीस करायची, पण टिकणाऱ्या, चांगल्या वस्तूला मात्र हात आखडता घेत नसे. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. तिच्या दृष्टीनं तो नव्हताच. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक कळणं, हीच तिची काटकसर होती.

त्यातून ललिताजी उभी राहिली. कविता चौधरी यांनी साकारलेली ही बाई टोमॅटो निवडून घेते, भावावरून वाद घालते आणि सर्फ मात्र ठामपणे घेते. ती लाजत नाही, नवऱ्याची परवानगी मागत नाही. जाहिरातींत गोड हसणाऱ्या बायकांची सवय असलेल्या त्या काळात ती जरा खडूसच वाटायची. पण लाखो घरांत बायकांनी तिला ओळखलं, कारण तशी बाई प्रत्येक आळीत होती.

बुलढाण्याशी याचा एक धागा आहे. हीच कंपनी आता हिंदुस्थान युनिलिव्हर म्हणून ओळखली जाते आणि तिचा साबणाचा कारखाना खामगावच्या एमआयडीसीत आहे. म्हणजे वस्तू आपल्या जिल्ह्यात तयार होते, तिच्या जाहिरातीचे शब्द मुंबईत लिहिले जातात आणि ते शब्द ज्या बाईला बघून सुचायला हवेत, ती पुन्हा खामगावच्याच बाजारात भाजी घेत असते.

सुतार, बस आणि लुना

पियूष पांडे यांचं २४ ऑक्टोबर २०२५ रोजी निधन झालं, तेव्हा देशभर त्यांच्या जाहिरातींची आठवण निघाली. जयपूरचा हा माणूस राजस्थानकडून रणजी क्रिकेट खेळला, चहाची चव तपासण्याची नोकरी केली आणि १९८२ मध्ये ओगिल्वी एजन्सीत आला. त्या वेळी चांगली जाहिरात इंग्रजीत सुचायची आणि मग तिचं हिंदीत भाषांतर व्हायचं. भाषांतराचा वास तिला यायचाच. पांडे यांनी रस्त्यावरची, घरातली, स्टेशनवरची हिंदी थेट जाहिरातीत आणली.

फेव्हिकॉलचं उदाहरण घ्या. पिडिलाइटचे बळवंत पारेख यांनी १९५९ मध्ये हा पांढरा डिंक बाजारात आणला. त्याआधी सुतार सरस वापरायचे. जनावरांच्या अवशेषांपासून बनलेला तो सरस दरवेळी आगीवर तापवून पातळ करावा लागे आणि त्याचा वासही यायचा. फेव्हिकॉलला तापवावं लागत नव्हतं. कंपनीनं दुकानदारामागे धावण्याऐवजी थेट सुतारांना गाठलं. घरात कपाट करून घेणारा मालक डिंकाचा ब्रँड ठरवत नाही, सुतार ठरवतो, हे तिला कळलं होतं. ही सगळी लेखनाच्या आधीची पायरी. कोणासाठी लिहायचं, हे ठरलं की निम्मं काम झालं.

पुढे पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेव्हिकॉलसाठी ज्या जाहिराती केल्या, त्यांत डिंकाबद्दल जवळपास काहीच बोललं जात नाही. सर्वांना आठवते ती बस. राजस्थानातल्या ओसाड रस्त्यावरून एक बस जाते. टपावर, दारात, मागच्या शिडीवर माणसं लटकलेली. खड्डे लागतात, बस हेलकावते, एकही माणूस पडत नाही. शेवटी बसच्या पाठीमागे फेव्हिकॉलची पाटी दिसते. संवाद नाही. घाटाखालच्या गावांतून सकाळी शहराकडे निघालेली काळीपिवळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही जाहिरात समजावून सांगावी लागत नाही. हे दृश्य देशात रोज लाखो लोक बघत होते. एका माणसानं ते डिंकाशी जोडलं.

महाराष्ट्राला जवळची आठवण लुनाची. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ मध्ये ही मोपेड आणली. ‘चल मेरी लुना’ ही ओळ पांडे यांचीच. सायकलवरून स्कूटरपर्यंत एकदम उडी मारणं न परवडणारा कारकून, शिक्षक, दूधवाला अशा माणसांची ती गाडी होती. ‘चल’ हा शब्द आपण घोड्याला, बैलाला, मित्राला म्हणतो. यंत्राला कोणी ‘चल’ म्हणत असेल, तर ते यंत्र घरातलं झालेलं असतं. एका शब्दात एवढं बसलं आहे.

गजऱ्याचा वास आणि पोळीवरचा शिक्का

आता दक्षिणेकडचं एक उदाहरण. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांना वाटायचं, की हमाल आणि रिक्षावाला यांनाही परवडेल अशा रूपात वस्तू मिळायला हवी. शाम्पू सॅशेमध्ये विकण्याची कल्पना त्यातून रुजली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये १५ हजार रुपयांवर वेगळा धंदा सुरू केला आणि ‘चिक’ शाम्पू आणला. तीच पुढे केविनकेअर कंपनी झाली.

सॅशेची गोष्ट सर्वांना माहीत आहे, पण मला त्याच कंपनीची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गावातल्या बायका केसांत फुलं माळतात. केसांना फुलांचाच वास यावा अशी त्यांची सवय आणि आवड. कंपनीनं शाम्पूला मोगऱ्याचा आणि गुलाबाचा वास दिला आणि खप वाढला. प्रयोगशाळेत ‘केसांसाठी कोणता सुगंध चांगला’ असा प्रश्न घेऊन बसलं असतं, तर उत्तर कदाचित परदेशातल्या एखाद्या फळाचं निघालं असतं. इथे उत्तर बायकांच्या अंबाड्यावर रोज दिसत होतं.

२०१३ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात लाइफबॉयनं केलेला प्रयोगही असाच. लाखो लोकांच्या गर्दीत ‘जेवणाआधी हात धुवा’ असं फलक लावून सांगितलं, तर कोण वाचणार? यात्रेकरू कुठे थांबतात, हातात काय असतं, हात धुण्याची आठवण नेमक्या कोणत्या क्षणी व्हायला हवी, हे पाहिलं तर उत्तर एकच येतं. पोळी हातात घेताना. ढाब्यांवर तव्यावरून उतरणाऱ्या पोळीवर गरम शिक्का मारला गेला: लाइफबॉयनं हात धुतले का? अशा सुमारे २५ लाख पोळ्या वाढल्या गेल्या. शाई नाही, कागद नाही. मजकूर एका प्रश्नाचा.

इथे लेखन किती आहे? चार-पाच शब्द. बाकी सगळं बघणं आहे.

मग बुलढाण्यात काय बघायचं?

पहिली गोष्ट, जिल्हा एक नाही. सरकारी कागदावर १३ तालुके एकत्र दिसतात, पण बोलताना आपण ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असेच म्हणतो. जुन्या वऱ्हाडात त्यांनाच बालाघाट आणि पयनघाट म्हणायचे. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर. काळी जमीन, कपाशी, मुंबई-हावडा रेल्वे. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. सोयाबीन, तूर, आणि आता समृद्धी महामार्ग. मलकापूरच्या बोलण्यात खान्देश डोकावतो, देऊळगाव राजात जालन्याकडचा मराठवाडा ऐकू येतो, जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या वरच्या अंगाला सातपुडा आणि मध्य प्रदेश लागतो. एकाच मजकुराची पोस्ट सगळ्या जिल्ह्यात चालवणारा, आपण कोणाशी बोलतोय हे न ठरवताच बोलत असतो.

इथे एक सावधगिरी. ‘स्थानिक भाषा वापरा’ असा सल्ला मिळाला, की लोक लगेच ‘काय राज्या’, ‘मले-तुले’ पेरून मोकळे होतात. अशी वऱ्हाडी पुष्कळदा हसवण्यासाठी वापरली जाते आणि हसू बोलणाऱ्या माणसावरच येतं. खामगावच्या बाजारात ‘मले पायजे’ म्हणणारी बाई विनोद करत नसते, ती वस्तू मागत असते. बोली वापरायची तर तिच्यातली माहिती वापरा. शेताला ‘वावर’ म्हणणारा माणूस ‘आपल्या शेतजमिनीसाठी’ असं वाचतो, तेव्हा त्याला तो मजकूर सरकारी पत्रक वाटतो. सोयाबीनची ‘कापणी’ लिहिण्याऐवजी ‘सोंगणी’ लिहिलं, तर लिहिणारा कधीतरी वावरात गेला होता एवढं तरी कळतं.

दुसरी गोष्ट, वस्तू कुठे आणि कशी वापरली जाते ते बघा. शेगावची कचोरी घ्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांचं नाव तिच्याशी जोडलं जातं आणि पन्नासच्या दशकात ती शेगाव रेल्वे स्थानकावरून लोकांपर्यंत पोहोचली. स्थानकाचा विचार करा. गाडी काही मिनिटंच थांबते. प्रवासी खिडकीतून हात बाहेर काढतो. ताट नको, चमचा नको, एका हातात मावलं पाहिजे आणि कागदात बांधून पुढच्या स्टेशनपर्यंत नेता आलं पाहिजे. कचोरी या सगळ्यात बसते. तिची जाहिरातही प्रवाशांनीच केली, कारण त्यांच्याबरोबर ती भुसावळला, अकोल्याला, नागपूरला गेली. आज कुणाला कचोरी विकायची असेल, तर ‘खमंग आणि कुरकुरीत’ लिहिण्याआधी बघावं, की समृद्धी महामार्गावरून जाणारा माणूस गाडीत बसून खातो की घरी नेतो? घरी नेत असेल, तर त्याला चवीपेक्षा ‘उद्यापर्यंत टिकेल का’ याची चिंता जास्त असते.

शेगावातच आणखी एक गोष्ट ऐकायला मिळते. गजानन महाराज संस्थानातले सेवेकरी रांगेतल्या प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतात. ‘माउली, पुढे चला.’ ‘माउली, इकडून या.’ ही जाहिरात नाही आणि तिला जाहिरात म्हणणं योग्यही नाही. पण शब्दांचं काम कसं चालतं, याचा याहून चांगला धडा मिळणं कठीण. हजारोंच्या गर्दीत, उन्हात, तासन्‌तास उभ्या माणसाला एका शब्दानं मान मिळतो आणि तो रांग मोडत नाही. तीच सूचना ‘रांगेत उभे राहावे, अन्यथा कारवाई करण्यात येईल’ अशी लिहिली असती तर? सरकारी कार्यालयांच्या भिंती बघा, उत्तर तिथे लिहिलेलं आहे.

तिसरं उदाहरण भेंडवळचं. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी भाकीत सांगितलं जातं. मध्यभागी मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यावर पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर पापड, कुरडई, करंजी, वडा, विडा. भोवती १८ प्रकारची धान्यं. या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, पेरणीचा निर्णय त्यावर घेऊ नये, हे स्पष्टच सांगायला हवं. तरीही दरवर्षी बातमीदार आणि शेतकरी तिथे पहाटे का जमतात, हे लिहिणाऱ्यानं समजून घ्यावं. हवामान खात्याचा अंदाज ‘दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के’ असा येतो. घटमांडणीत पावसाचा महिना म्हणजे एक ढेकूळ असतं. ते भिजलं किती, हे डोळ्यांना दिसतं. खऱ्या माहितीला असं दिसणारं रूप देता आलं, तर ती किती दूर जाईल!

विचारून कळत नाही?

विचारून कळतं, पण अर्धवट. हात धुण्याच्या सवयीवर जगभर झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ‘साबणानं हात धुता का?’ असं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. प्रत्यक्ष घरात बसून बघितलं, की आकडा बराच खाली येतो. लोक मुद्दाम खोटं बोलतात असं नाही. विचारणाऱ्याला बरं वाटेल असं उत्तर देणं हा आपल्याकडे तर शिष्टाचारच आहे. ‘ताई, पापड कसे वाटले?’ या प्रश्नाला ‘छान’ याशिवाय दुसरं उत्तर कोण देईल? त्याऐवजी तिनं दुसऱ्यांदा मागवले का, ते बघा.

इंजिनिअरिंगमध्ये शिकवतात, की मोजणारं उपकरणच मोजमाप बिघडवू शकतं. माणसांच्या बाबतीत हे फार लवकर होतं. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२० आणि १९३० च्या दशकांत कामगारांवर प्रयोग झाले. आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की माणूस वेगळा वागतो, या समजुतीला त्या कारखान्याचंच नाव मिळालं. म्हणून बाजारात वही-पेन घेऊन उभं राहू नये, मोबाइलचा कॅमेरा तर मुळीच रोखू नये. रांगेत उभं राहून आपणही काहीतरी विकत घ्यावं. घरी आल्यावर लिहावं, आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘ग्राहक किमतीबाबत संवेदनशील आहे’ असं वहीत लिहिलं, तर आठवड्यानं त्याचा काही उपयोग नाही. ‘पंधराचं आहे का? दहात नाही का?’ हे लिहिलं, तर उपयोग आहे.

ओगिल्वी या एजन्सीचे संस्थापक डेव्हिड ओगिल्वी हे जाहिरातीत येण्यापूर्वी स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून आगा कंपनीच्या शेगड्या विकत. १९३५ मध्ये त्यांनी विक्रेत्यांसाठी एक माहितीपुस्तिका लिहिली आणि तीच त्यांची ओळख ठरली. दारात उभ्या बाईनं दार लावून घेण्याआधी काय बोलायचं, हे त्यांना कोणत्या वर्गात शिकवलं नव्हतं.

एआय हे करू शकत नाही का?

एआय भाषा नीट करतो, शुद्धलेखन बघतो, एका मजकुराच्या दहा आवृत्त्या देतो. हे काम त्याला जरूर द्यावं. पण तुमच्या दुकानात काल आलेल्या गिऱ्हाइकानं वस्तू हातात घेऊन परत का ठेवली, हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्ही सांगितलं, तर तो कामाचं काहीतरी लिहू शकतो. नाही सांगितलं, तर ‘परंपरेची चव’ ठरलेली.

बघणं कुठे थांबवायचं?

या विषयाची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. माणसाला जवळून बघितलं की त्याची गरज कळते, तशी भीतीही कळते. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवाड आणि आसपासच्या गावांत काही दिवसांत लोकांचे केस गळून टक्कल पडू लागलं. पाण्यावर संशय घेतला गेला, बुरशीजन्य संसर्गाची चर्चा झाली, आयसीएमआरचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमच्या जास्त प्रमाणाकडे बोट दाखवणारे निष्कर्ष मांडले. त्या आठवड्यांत तरुण मुलं-मुली घराबाहेर पडायला संकोचत होती, सोयरिकींची काळजी सुरू झाली होती, आणि सोशल मीडियावर त्यांच्यावर मीम फिरत होते.

अशा गावात केसांच्या तेलाची जाहिरात लिहिणं फार सोपं असतं. भीती तयार असते, शब्द आपोआप सुचतात. ‘१५ दिवसांत केस परत’ एवढी एक ओळ पुरते. निरीक्षण उत्तम आणि जाहिरात बेकायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. पुन्हा तसंच केलं तर ही रक्कम ५० लाखांपर्यंत जाते. जून २०२२ मध्ये याबाबत सविस्तर मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. काही आजारांवर चमत्कारिक उपचाराचा दावा करण्याला तर १९५४ च्या कायद्यानंच मनाई आहे. हे नियम व्हॉट्सअॅप स्टेटसवर धंदा करणाऱ्याला लागू नाहीत, असा समज चुकीचा आहे. फसवणूक झालेला ग्राहक १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो.

हीच गोष्ट बियाण्यांची, खतांची आणि फवारणीच्या औषधांची. २००६ मध्ये केंद्रानं शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत बुलढाणा होता. इथल्या शेतकऱ्याची चिंता कोणत्याही लिहिणाऱ्याला दोन दिवसांत कळते. कर्ज, पावसाची उघडीप, बोंडअळी. ‘हमखास एकरी इतकं उत्पन्न’ ही ओळ त्या चिंतेवरच बेतलेली असते. पीक बुडालं की ओळ लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही, विकणाऱ्या दुकानदाराला मात्र त्याच गावात राहायचं असतं. म्हणून जुने, जाणते कृषी केंद्रवाले हमखास हा शब्द टाळतात. ते सांगतात, ‘गेल्या साली अमक्याच्या वावरात होतं, जाऊन बघून या.’

आणि फोटोचं काय? कापूस वेचणाऱ्या बाईचा फोटो दुरून काढायचा आणि आपल्या ब्रँडखाली छापायचा, हे सर्रास चालतं. तिला विचारलेलं नसतं, पैसे दिलेले नसतात, बऱ्याचदा तिला माहीतही नसतं. विचारायला पाच मिनिटं लागतात. नाही म्हणाली, तर फोटो वापरायचा नाही. तिचं बोलणं वापरतानाही नाव-गाव लिहू नये. शब्द कामाचा असतो, ओळख तिची असते.

एक करून बघूया

समजा, उडदाच्या पापडांची पोस्ट लिहायची आहे. सध्याचा मजकूर असा: ‘घरगुती, शुद्ध, स्वादिष्ट उडीद पापड. उत्तम दर्जा, माफक दर. आजच ऑर्डर करा.’

आता बचत गटाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलपाशी उभं राहून बघा. पापड हातात घेणारी बाई काय करते? ती तो उजेडाकडे धरते, जाडी बघते. वास घेते. मग विचारते, ‘तळल्यावर लाल तर पडत नाही ना?’ कारण पापडखार जास्त झाला की पापड तळताना लाल होतो, हे तिला स्वतःच्या अनुभवानं माहीत आहे. पुढचा प्रश्न, ‘लेकीला पुण्याला पाठवायचे आहेत, वाटेत मोडतील का?’ तिसरा प्रश्न भावाचा, पण तो किलोचा नसतो. ‘किलोत किती बसतात?’

या तीन प्रश्नांतून मजकूर असा होतो: ‘उडदाचे पापड. तळल्यावर लाल पडत नाहीत, आधी दोन तळून बघा. लेकीकडे पाठवायचे असतील तर मोडू नयेत म्हणून डब्यात भरून देतो.’ खाली किलोत बसणारी संख्या, किंमत आणि फोन नंबर. यात ‘शुद्ध’, ‘स्वादिष्ट’, ‘उत्तम’ एकदाही आलेलं नाही. अट एकच, पापड खरंच लाल पडता कामा नये. ते आधी स्वतः तळून बघा, दोन वेगवेगळ्या घाण्यांतले.

मग हा मजकूर पोस्ट करण्याआधी अशाच एखाद्या गिऱ्हाईक बाईला मोठ्यानं वाचून दाखवा. ‘छान आहे’ म्हणाली, तर अजून काम बाकी आहे. ‘दोन किलोला काही कमी करता का?’ असं विचारलं, तर पोस्ट टाका.